तुकोबांचा संतू

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते. शिरूर-दौंडचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. दुष्काळ म्हणजे काय, हे येथील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तुकोबांचा थोरला मुलगा संतू दुष्काळातच गेला.

इ.स. १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरातेत पावसाने दगा दिला. त्यातच मोगल-निजामशाही संघर्षाने मुलूख होरपळला. तुकोबांचा व्यापार बुडाला, पत गेली. पहिली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली आणि तिच्यामागे तिचा लहानगा संतूही, असे परंपरा सांगते. चरित्रांतून या मुलाच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ आली आहे.

पत्नी आणि मूल गेले ते बरेच झाले, देवाने मायेतून सोडवले, अशा अर्थाचा तुकोबांचा अभंग आहे. वरवर तो निष्ठुर वाटतो. पण स्वतःच्या घरात भूक पाहिलेल्या बापाचे ते बोल आहेत. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे.

संतूचा सर्वांत धाकटा भाऊ नारायण हा पित्याच्या वैकुंठगमनानंतर जन्मला. त्यानेच १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. यवतला गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. ज्या घरातले मूल अन्नावाचून गेले, त्या घरच्या पालखीसोबत आलेला कोणीही तेथे उपाशी निजत नाही.