धुळीचं वजन करणारा कागद

हवेतली धूळ कुणी तराजूत तोलतं का? हसू नका, सांगलीत तोलतात! आणि गंमत म्हणजे तिथल्या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या यादीत चक्क शाळांची नावं आहेत: सांगली-मिरज प्राथमिक महापालिका शाळा आणि कृष्णा व्हॅली स्कूल.

हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. त्यांचं यंत्र म्हणजे एक उभी पेटी, वर उतरतं छप्पर, आत घरघरणारा पंप. पंप हवा ओढतो आणि आधी तिला गरागरा फिरवतो. जाडी धूळ बाजूला फेकली जाऊन खाली पडते. उरते ती 10 मायक्रॉनपेक्षा बारीक. (तुमचा केस 50-70 मायक्रॉन जाड असतो.) ही बारीक धूळ काचेच्या तंतूंपासून बनवलेल्या पांढऱ्या कागदावर अडकते.

तो कागद आधी कोरडा करून तोललेला असतो. आठ तासांनी काढायचा, पुन्हा कोरडा करायचा, पुन्हा तोलायचा. वजन वाढलं तेवढी धूळ!

चला, गणित करू. पंप मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा ओढतो असं धरा. आठ तासांत 480 घनमीटर. कागद 48 मिलिग्रॅमनं जड झाला, तर दर घनमीटरला किती? 100 मायक्रोग्रॅम. भारतात दिवसाच्या सरासरीची मर्यादा नेमकी एवढीच आहे. 48 मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठसुद्धा नाही, आणि अशाच वजनांवरून शहराची हवा पास की नापास ते ठरतं! दिवसाला असे तीन कागद, आठवड्यातून दोनदा.

या परीक्षेत सांगली नापास झाली. 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत सांगली आहे. शेजारचा सातारा नाही. पण सातारकरांनी लगेच कॉलर उडवू नये. ऊस तुटला की शेतातलं पाचट दोन्हीकडे पेटतं आणि धूर काही जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही.

यादीत आलेल्या शहराला कृती आराखडा करावा लागतो. महापालिकेनं काय करायचं? रस्त्यावरची माती उचलायची, बांधकामं झाकायला लावायची, कचरा पेटवणाऱ्याला दंड करायचा. कंटाळवाणी कामं वाटतात, पण गाडीच्या चाकांनी उडणारी माती हा या धुळीचा मोठा वाटा असतो.

मात्र कागद फक्त वजन सांगतो. धूळ कुणाची, हे कसं कळणार? त्यासाठी प्रयोगशाळेत चक्क गुप्तहेरी चालते. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम भरपूर सापडलं, तर संशय मातीवर. पोटॅशियम जास्त निघालं, तर काहीतरी हिरवं-वाळकं जळलंय. पाचट, पालापाचोळा किंवा चुलीतलं लाकूड.