यारो: कोरड्यातली काटक, पावसातली नाजूक

यारोच्या बियांच्या पाकिटावर ‘दुष्काळातही टिकणारं बहुवर्षायू फुलझाड’ अशा अर्थाचं काहीतरी हमखास छापलेलं असतं. ते वाचून पुणे, नाशिक, सोलापूरची बागकाम करणारी मंडळी दर हिवाळ्यात मला एकच वाक्य ऐकवतात: ‘आमच्याकडे पाण्याची बोंब आहे, म्हणून यंदा यारो लावतोय.’ जूनपर्यंत ती कुंडी रिकामी होते आणि दोष मातीला, खताला, नाहीतर स्वतःच्या हाताला दिला जातो. दोष यातल्या कशाचाच नसतो. ‘कमी पाण्यावर येतं’ याचा अर्थ आपण ‘दख्खनच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात येतं’ असा लावतो, तिथेच गाडी चुकते.

यारो शेवंती-झेंडूच्या कुळातली. शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम. पान पिसासारखं बारीक चिरलेलं, उंची साधारण दोन-तीन फूट, वर पांढऱ्या बारीक फुलांचा सपाट, छत्रीसारखा फुलोरा. बागेतल्या जातींमध्ये गुलाबी आणि लाल रंगही मिळतात. युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर अमेरिका हे तिचं घर. भारतात ती रानात उगवते ती काश्मीरपासून कुमाऊंपर्यंतच्या हिमालयात, साधारण 1050 ते 3600 मीटर उंचीवर. गुलमर्ग-सोनमर्गला उन्हाळ्यात गेलेल्यांनी कुरणात ती पाहिलेली असते, पण आपल्या डोळ्यांना ते गाजरगवत वाटतं आणि आपण पुढे जातो.

आता तिच्या काटकपणाकडे बघू. जमिनीखाली आडवी पसरणारी खोडं, लवदार आणि चिरलेली पानं, यामुळे यारो कोरड्यात तग धरते हे खरंच आहे. पण ती ज्या कोरड्यात वाढली तो कुठला? कॅलिफोर्निया किंवा भूमध्य समुद्राच्या काठाचा विचार करा. तिथे पाऊस पडतो थंडीत आणि उन्हाळा असतो कोरडा. माती ओली असते तेव्हा गार असते, तापते तेव्हा कोरडी असते. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. जमीन मे महिनाभर भाजून निघते आणि तिच्यावर जूनमध्ये पाऊस कोसळतो. माती एकाच वेळी उबदार आणि चिंब, अशी तीन-चार महिने राहते. उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच उबेत मुळांचा श्वास मात्र वेगाने चालतो, म्हणजे त्यांना प्राणवायू जास्त लागतो. या कोंडीत मुळं दमली की पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशा चढतात. मुळकूज होते. झाडाचा मधला गड्डा आधी काळा पडतो आणि बाहेरची पानं दोन-चार दिवस हिरवी राहतात, त्यामुळे माणूस ‘पाणी कमी पडलं वाटतं’ म्हणून वरून आणखी पाणी घालतो. कोरड्याला न घाबरणारं झाड आपल्याकडे मरतं ते पावसाने.

दुसरा घोळ घालतात पाकिटावरचे ‘झोन 3 ते 9’ हे आकडे. अनेकांना ते तापमान सहन करण्याचं सर्वसाधारण प्रमाणपत्र वाटतं. अमेरिकी कृषी खात्याचे हे झोन फक्त एकच गोष्ट मोजतात: वर्षातल्या सर्वांत थंड रात्री पारा सरासरी किती खाली जातो. झोन 3 म्हणजे उणे 34 ते उणे 40 अंश सेल्सिअस. उन्हाळ्याबद्दल, दमटपणाबद्दल, पावसाबद्दल हा आकडा चकार शब्द काढत नाही. पुण्यातल्या कडाक्याच्या रात्रीचे सात-आठ अंश धरले तर पुणे झोन 11 मध्ये बसतं. म्हणजे पाकिटानेच ‘तुमच्यासाठी नाही’ असं सांगितलेलं असतं. फक्त ते नीट वाचलं जात नाही, आणि विकणाऱ्याला ते समजावून सांगण्याची गरज वाटत नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर खत-पाणी-निचरा यातला कुठलाही उपाय चालत नाही. यारोला फुलायला लांब दिवस लागतो. हरितगृहात यारो फुलवणारे लोक दिवे लावून दिवस सोळा तासांपर्यंत ताणतात. लंडनला जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा दिवस आपसूक मिळतो. गुलमर्गला जवळपास साडेचौदा तास. पुण्याचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि तो येतो 21 जूनच्या सुमारास, आभाळ भरलेलं असताना. ऑक्टोबरमध्ये बी पेरलं की ते सहज उगवतं, कारण हवा गार असते. जानेवारीत कुंडी हिरव्या पिसांनी भरते, बघणारा खूश होतो. पण तेव्हा दिवस असतो अकरा तासांचा. झाड फुलण्याचा इशारा मिळण्याची वाट बघत बसतं, आणि दिवस वाढेपर्यंत उन्हाळा त्याला गाठतो. ‘पाला भरपूर, फूल एक नाही’ ही तक्रार म्हणूनच येते. त्यावर पोटॅश घाला, केळीच्या सालीचं पाणी घाला असले सल्ले देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी आधी दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्त बघावा. शेवंतीचा हिशोब बरोबर उलटा असतो. तिला लहान दिवस लागतो, म्हणून ती आपल्याकडे कार्तिक-मार्गशीर्षात भरभरून फुलते, आणि पॉलिहाउसमधले शेतकरी रात्री बल्ब लावून तिचं फूल लांबवतात. दोघी एका कुळातल्या, पण एकीला आपलं आकाश मानवतं आणि दुसरीला मानवत नाही.

इथे हमखास प्रतिप्रश्न येतो: ‘यारो निम्म्या जगात उगवते, समुद्रकाठी उगवते, बर्फात उगवते, मग इथेच काय अडलं?’ या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रयोगातून मिळालं तो वनस्पतिशास्त्रातला अभिजात प्रयोग यारोवरच झालेला आहे. कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या जेन्स क्लॉसन, डेव्हिड केक आणि विल्यम हायसी या तिघांनी कॅलिफोर्नियात समुद्रकाठापासून सिएरा नेवाडाच्या माथ्यापर्यंतची यारोची रोपं गोळा केली आणि तीन उंचींवर वाढवली: स्टॅनफर्डला साधारण 30 मीटर, मॅदरला 1400 मीटर आणि टिंबरलाइनला 3050 मीटर. 1948 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंच पर्वतावरची बुटकी यारो खाली सुपीक, उबदार शेतात आणली तरी बुटकीच राहिली, शेजारी खोऱ्यातली उंचच वाढली. म्हणजे हा फरक हवामानाने तात्पुरता पाडलेला नव्हता, तो वंशातच मुरलेला होता. यारो जगभर उगवते याचा अर्थ ‘एक यारो कुठेही उगवते’ असा होत नाही. प्रत्येक जागेने पिढ्यान्‌पिढ्या निवडून आपापली यारो घडवली आहे. मोसमी पावसाच्या सपाट, उष्ण प्रदेशाने अशी स्वतःची यारो घडवलेली नाही. तुमच्या पाकिटातलं बी युरोपातल्या थंड बागांसाठी निवडलेल्या वाणाचं असण्याचीच शक्यता जास्त.

‘मग महाबळेश्वर, पाचगणी?’ हेही विचारून झालेलं आहे. गारवा आहे, कबूल. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दिवस पुण्याइतकाच लहान. गारव्याने एक अडचण सुटते, दोन तशाच राहतात.

ज्यांच्याकडे यारो खरोखर येते अशा मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी. हिमाचल-उत्तराखंडात, इंग्लंडात, न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात तुमचं अंगण असेल तर यारो जरूर लावा, आणि तिचे लाड करू नका. खत घातलं की तिचे दांडे लुळे पडून आडवे होतात. सावलीत आणि दाटीत भुरी येते. सहा तास ऊन, निचऱ्याची हलकी जमीन एवढं पुरतं. बी अत्यंत बारीक असतं, त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून मातीवर भुरभुरवून नुसतं दाबायचं, वर माती घालायची नाही. दोन-तीन वर्षांनी मधला भाग विरळ, लाकडासारखा होतो. तेव्हा वसंतात गड्डा उकरा, कडेचे ताजे फुटवे वेगळे करून लावा, मधलं काढून टाका. आणि तिला हद्द आखून द्या, जमिनीखालून ती शेजारच्या वाफ्यात जातेच.

इथे घरी बसून जे हवं आहे त्यासाठी मात्र यारोची गरज नाही. बहुतेकांना ती हवी असते मित्रकीटकांसाठी, कारण तिच्या सपाट फुलोऱ्यावर मावा खाणाऱ्या अळ्यांच्या माश्या आणि बारीक गांधीलमाश्या येतात. डिसेंबर-जानेवारीत कोथिंबिरीची, शेपूची किंवा बडीशेपेची चार रोपं न खुडता फुलू द्या. त्या पांढऱ्या-पिवळ्या छत्र्यांवर सकाळी दहाच्या उन्हात थोडा वेळ नजर ठेवली तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, हवेत जागच्या जागी थांबणाऱ्या माश्या दिसतील. त्यांच्याच अळ्या मावा फस्त करतात.

आता यारोने रक्त थांबतं या समजाविषयी. याला नेहमी ‘इलियड’ची साक्ष काढली जाते: अकिलीजने यारोने सैनिकांच्या जखमा भरल्या. ‘इलियड’च्या अकराव्या सर्गात जखम बांधणारा अकिलीज नाही, त्याचा मित्र पॅट्रोक्लस आहे. त्याने लावली ती एक कडू मुळी, तिचं नाव कवीने दिलेलं नाही. यारोचा वापरात असलेला भाग मुळी नाही, पाला आणि फुलं. रक्ताच्या बाबतीत पुरावा आहे तो असा: 1954 मध्ये यारोतून अकिलीन नावाचं अल्कलॉइड वेगळं करण्यात आलं आणि सशांमध्ये त्याने रक्त गोठायला लागणारा वेळ कमी झाला. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने यारोला लहान, वरवरच्या जखमा, भूक मंदावणं, पोटातले हलके वायुविकार आणि पाळीतल्या सौम्य कळा यांसाठी मान्यता दिली आहे, पण ती ‘पारंपरिक वापर’ या सदरात. त्या सदराचा अर्थ किमान तीस वर्षांचा वापर आणि वाजवी सुरक्षितता एवढाच असतो, माणसांवरच्या चाचण्यांनी गुण सिद्ध झाल्याचं ते प्रमाणपत्र नव्हे. होमिओपॅथीतलं ‘मिलेफोलियम 30’ हे तर यारोचं औषध म्हणूनही मोजता येत नाही. शंभरात एक असं तीस वेळा विरळ केल्यावर त्या गोळीत यारो उरतच नाही. मुलाच्या नाकातून रक्त येत असेल तर त्याला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं चिमटीत धरा. थांबलं नाही तर डॉक्टरकडे न्या.

बाकीचे समज थोडक्यात. यारोचं तेल निळं असतंच असं नाही: तो रंग अर्क काढताना वाफेच्या उष्णतेत तयार होतो आणि काही प्रकारच्या यारोतच होतो, त्यामुळे निळं नसलेलं तेल भेसळीचं ठरत नाही. शेजारच्या झाडांचं सुगंधी तेल यारोमुळे वाढतं, या दाव्याला शेतावरच्या प्रयोगांचा भक्कम आधार मी आजवर पाहिलेला नाही. रुडॉल्फ श्टायनर यांनी 1924 मध्ये बायोडायनॅमिक शेतीच्या व्याख्यानांत यारोला मान दिला, तेव्हापासून असे दावे फिरत आहेत, पण व्याख्यान म्हणजे प्रयोग नव्हे. चीनच्या ‘यी चिंग’मधल्या शकुनाच्या काड्या याच यारोच्या नाहीत, त्या तिच्या पूर्वेकडच्या बहिणीच्या. ‘नैसर्गिक आहे म्हणून कुत्र्या-मांजराने चघळली तरी चालेल’ हेही चूक, त्यांना ती विषारी ठरू शकते.

परदेशात रानातून यारो खुडून चहा करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी. तशाच पांढऱ्या छत्रीची एक वनस्पती तिथे रस्त्याकडेला उगवते, हेमलॉक. ती जीवघेणी आहे. भिंगातून बघा: यारोचं एकेक ‘फूल’ म्हणजे इवलीशी शेवंतीच असते, कडेला बहुधा पाच रुंद पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन बारीक दाते, मधोमध नळीसारख्या फुलांचा पुंजका. हेमलॉकला असा पुंजका नसतो, आणि त्याचं खोड गुळगुळीत, पोकळ, जांभळ्या ठिपक्यांचं असतं. खात्री नसेल तर खुडू नका.

आणि गाजरगवत. गुलमर्गच्या कुरणात यारो बघून आपल्याला ते आठवतं, तेव्हा डोळे फार चुकत नाहीत: दोन्ही एकाच कुळातल्या. 1950 च्या दशकात पुण्यात हे तण पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आलं, आणि त्याने होणारा त्वचारोग आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना चांगला परिचयाचा आहे. ज्या रसायनांमुळे तो होतो त्यांचीच भावंडं यारोतही असतात. या कुळाची ॲलर्जी तपासण्यासाठी पाठीवर चिकटवण्याच्या चाचणीत जे मिश्रण वापरतात, त्यात यारोचा अर्क असतो. गाजरगवताने किंवा शेवंतीच्या हारांनी ज्यांच्या हाताला, मानेला खाज सुटते, त्यांनी यारोचा चहा, तेल, मलम काहीही वापरू नये, आणि गरोदरपणातही ती टाळावी. सहलीला गेल्यावर हातात धरून फोटो काढण्यापूर्वीसुद्धा अशांनी बाह्या खाली कराव्यात.