औषधांची जुनी पुस्तकं (९) : चोपचीनी पोथीत शिरते

या आठवड्यात आकोस्ता याच्या औषधांच्या पुस्तकातल्या चित्रांविषयी लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. वाराणसीच्या संकठा घाटाजवळ राहणाऱ्या एका वाचकांनी पत्रातून असा प्रश्न विचारला आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. गोव्यात १५६३ साली पोर्तुगीज वैद्य ऑर्ता याचं औषधांवरचं संवादरूप पुस्तक छापलं जात होतं, तेव्हा आमच्या काशीत वैद्यकाचं काय चाललं होतं?

बरंच काही चाललं होतं, आणि त्यात मराठी मंडळी होती. संकठा घाट पक्का केला तो नागपूरकर भोसल्यांचे वकील बेणीराम पंडित यांच्या पत्नीनं, १८२५च्या सुमारास. पण त्याआधी तीनशे वर्षं पैठणचे रामेश्वर भट्ट काशीला जाऊन स्थायिक झाले होते. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट पुढे काशीचे अग्रगण्य धर्मशास्त्री झाले. अकबराचा मंत्री टोडरमल याच्या आश्रयानं त्याच काळात ‘टोडरानंद’ हा प्रचंड संस्कृत ज्ञानकोश तयार झाला. धर्मशास्त्र आणि ज्योतिष यांच्या जोडीला त्यात ‘आयुर्वेदसौख्य’ नावाचा वैद्यकाचा मोठा भाग आहे. युरोपात जाडजूड वनौषधिग्रंथ छापले जात होते त्याच दशकांत इकडेही विखुरलेली विद्या एका जागी आणण्याची खटपट चालू होती. फरक इतकाच की इकडचं सारं हातानं लिहिलं जात होतं.

पण पत्राचं खरं उत्तर मला एका मुळीत दिसतं. ती मुळी म्हणजे चोपचीनी. काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळते. गुलबट, गाठाळ, वजनाला जड. आपल्या कोकणातली घोटवेल हिच्याच कुळातली.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उपदंशाचा भयंकर उद्रेक झाला आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर तो रोग हिंदुस्थानात आला. त्यावर पारा देत. पारा दिला की तोंडाला लाळ सुटे, हिरड्या सुजत, दात हलत. रोगी रोगाइतकाच औषधाला भिई. त्यामुळे चीनमधून एक सौम्य मुळी आल्याची बातमी पसरताच सगळे तिच्यावर तुटून पडले. सम्राट पाचव्या चार्ल्सनं ती आपल्या संधिवातावर घेतली. मानवी शरीररचनेचा महान अभ्यासक वेसालियस यानं १५४६ साली बाझलमध्ये चोपचीनीच्या नावानं एक दीर्घ पत्र छापलं. त्यात मुळीविषयी थोडीच पानं आहेत. बाकी सगळा प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन याच्याशी वाद. ऑर्तानं तिच्यावर स्वतंत्र संवाद रचला. ती हिंदुस्थानात कधी आली, कोणी आणली, कशी द्यायची, हे सारं त्यानं स्वतःच्या अनुभवातून सांगितलं.

आता भावमिश्राचा ‘भावप्रकाश’ उघडा. आयुर्वेदाच्या लघुत्रयीतला हा ग्रंथ सोळाव्या शतकातला मानला जातो. चरक-सुश्रुतांना ठाऊक नसलेला ‘फिरंग रोग’, म्हणजे हाच उपदंश, इथे आहे. तो फिरंग देशात फार आढळतो आणि फिरंगी स्त्री-पुरुषांच्या संसर्गानं होतो, हे स्पष्ट लिहिलं आहे. बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून, असे त्याचे तीन प्रकार केले आहेत. उपचारांत पाऱ्याचा रसकर्पूर आहे, पण तो कणकेच्या गोळीत दडवून, दाताला न लागता गिळायचा, म्हणजे तोंड सुजत नाही. आणि पुढेच चोपचीनी. तिचं चूर्ण मधातून घ्यायचं, मीठ सोडायचं, अगदीच सोडवेना तर सैंधव चालवायचं. निघंटूच्या भागात हीच मुळी वेखंडाच्या पंगतीत ‘द्वीपान्तरवचा’ म्हणून बसवली आहे.

मला यात विलक्षण आनंद वाटतो. अडचण दोन्हीकडे एकच होती. डायोस्कोरिडीस आणि गेलेन यांच्या ग्रंथांत ही मुळी नाही, चरक-सुश्रुतांतही नाही. ऑर्तानं ‘हे मी पाहिलं’ असं म्हणून प्रश्न सोडवला. भावमिश्रानं रोगाचे भेद, मुळीचे गुण, मात्रा आणि पथ्य ठरवून तिला शास्त्रात जागा दिली. माहिती कोणाकडून मिळाली हे तो सांगत नाही, ही उणीव मोठीच आहे. पण संस्कृत शास्त्रानं जुन्या ग्रंथांपलीकडे कधी पाहिलंच नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

मुळीनं रोग बरा होत होता का? नाही. उपदंशाची लक्षणं काही काळानं आपोआप मावळतात आणि रोग आत दबा धरून राहतो. त्या वेळी रोगी जे घेत असेल त्याला श्रेय मिळतं. खरा इलाज हाती आला तो १९४३ साली, पेनिसिलिनच्या रूपानं. मात्र पाऱ्याच्या छळातून चोपचीनीनं कित्येकांना वाचवलं असणार, आणि तेही थोडं नव्हे.

काशीच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गल्लीत एखाद्या घरी वैद्यकाचं जुनं बाड असेल, तर त्यात फिरंग रोगाचं प्रकरण आहे का ते बघा. समासात कोणी मात्रा बदलून लिहिली असेल तर तीही कळवा. ग्रंथकारानंतर औषध वापरणाऱ्या वैद्यांनी काय केलं, हे अशा समासांतच सापडतं. पुढच्या आठवड्यात आकोस्ता नक्की : बुर्गोस, १५७८, आणि ऑर्ताच्या पुस्तकात नव्हती ती चित्रं.