पोटगीचा न्याय

पती-पत्नी विभक्त झाल्यावर पोटगी किती मिळेल, असे जो तो विचारतो व पगाराच्या अमुक हिश्शाचा ठोकताळा हाती येईल अशी अपेक्षा धरतो. परंतु असा ठराविक हिस्सा कायद्याने नेमून दिलेला नाही, आणि जेथे प्रत्येक संसाराची स्थिती निराळी असते तेथे तो नसणेच मला न्यायाचे वाटते.

पोटगीचा मूळ हेतू काय, हे आपल्याच जिल्ह्यातील एका प्रकरणाने देशाला दाखविले. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील देवगडच्या मंदिरात २००५ साली विवाहबद्ध झालेल्या एका स्त्रीला, काही महिन्यांनी पतीची पहिली पत्नी घरी आली तेव्हा, आपली फसवणूक झाल्याचे कळले. आणि तिने स्वतःसाठी व मुलीसाठी पोटगी मागताच, पहिला विवाह कायम असल्याने ही माझी कायदेशीर पत्नीच नव्हे, असा बचाव त्या गृहस्थाने घेतला. तिला दरमहा १००० व मुलीला ५०० रुपये मंजूर झाले होते. एवढ्या तुटपुंज्या रकमेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई व न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी निर्वाळा दिला की, ज्याने पहिला विवाह लपविला त्याला स्वतःच्याच अपकृत्याचा लाभ घेऊ देता येणार नाही, व फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ पुरती ती स्त्री पत्नीच मानली जाईल. हेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ व्या क्रमांकाने आले आहे.

हिंदू पती-पत्नींच्या घटस्फोटाच्या दाव्यात मात्र हिंदू विवाह अधिनियम, १९५५ लागू होतो: दावा चालू असताना कलम २४ अन्वये, निकालाच्या वेळी वा नंतर कलम २५ अन्वये, आणि या दोन्ही कलमांखाली पतीलाही मागणी करता येते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, दोन्ही पक्षांनी मिळकत, कर्ज व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे. उभयतांचे राहणीमान, शिक्षण, स्वतंत्र उत्पन्न आणि संसारासाठी सोडलेली नोकरी, हे सारे पाहूनच रक्कम ठरावी. पत्नी कमावण्यास समर्थ आहे, एवढ्यावरून तिचा हक्क बुडत नाही. ती खरोखर किती कमावते, हे पाहावे लागते.

खरी अडचण येते ती उत्पन्न सिद्ध करण्यात. नोकरदाराची पगारपत्रिका असते. शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र ऊस, दूध, कांदा यांत विखुरलेले, आणि कोर्टात तर ‘शेती परवडत नाही’ हे उत्तर ठरलेलेच. अशा वेळी सातबारा व आठ-अ चे उतारे, कारखान्याची उसाची बिले, दूध संस्थेचा हिशेब, बाजार समितीतील आडत्याच्या पट्ट्या हेच साक्षीदार होतात. आणि मागणारीने ते आरंभीच गोळा केले पाहिजेत, कारण कागद नसेल तेथे न्यायाधीशाला अंदाजावरच रक्कम ठरवावी लागते, व असा अंदाज बहुधा दुबळ्या पक्षाला महागात पडतो.

भगिनींनो, अर्जाला विलंब करू नका: पोटगी सामान्यतः अर्जाच्या तारखेपासून लागू होते, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो, त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा.