खोडदच्या तबकड्या आणि ‘सगळ्यात भारी लँग्वेज’

मंचर, नारायणगाव किंवा जुन्नरच्या मुलांनी कॉम्प्युटरला प्रवेश घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: सगळ्यात भारी लँग्वेज कोणती? गैरसमज या प्रश्नातच आहे. सगळ्या कामांना पुरून उरेल अशी एक लँग्वेज नसते. हे पाहायला लांब जायला नको, जुन्नर तालुक्यातलं खोडद पुरेसं आहे.

तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांच्या 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीत आलेले सिग्नल एकमेकांशी सतत ताडावे लागतात. निरीक्षण चालू असताना हा हिशेब मागे पडून चालत नाही. म्हणून तो ग्राफिक्स कार्डांवर होतो आणि त्यासाठी सी आणि अशा कार्डांसाठीची कुडा वापरतात. मेमरी आणि यंत्रावरचा थेट ताबा, हेच सी आवडण्याचं खरं कारण.

‘फोरट्रान केव्हाच संपली’ असंही सर्रास म्हणतात. आयबीएमने ती 1957 मध्ये आणली. पण रेडिओ खगोलशास्त्रज्ञांचं ‘एप्स’ हे सॉफ्टवेअर मुख्यतः फोरट्रानमध्येच आहे आणि जीएमआरटीच्या असंख्य प्रतिमा त्यातूनच तयार झाल्या. दशकानुदशकं तपासलेला कोड नव्याने लिहायचा, तर नव्या चुकाही ओढवून घ्याव्या लागतात.

पायथनबद्दलचा गैरसमज जास्त चिवट आहे: ती संथ, मोठ्या कामाला निरुपयोगी. संथ आहे हे खरं. साधा लूप सीमध्ये कितीतरी वेगाने धावतो. पण रेडिओ खगोलशास्त्रातलंच ‘कासा’ हे सॉफ्टवेअर पाहा. आज्ञा पायथनमध्ये द्यायच्या, आतली जड आकडेमोड सी प्लस प्लस करते. रुता काळे आणि ईश्वरचंद्र यांनी अपग्रेडेड जीएमआरटीच्या डेटासाठी केलेली ‘कॅप्चर’ ही पाइपलाइनही कासावर आधारलेली, पायथनमध्येच लिहिलेली आहे. मोबाइल आणि इतर यंत्रांचा गोंगाट डेटातून वेगळा काढताना पायऱ्या पुन्हा पुन्हा बदलाव्या लागतात. अशा वेळी यंत्राच्या वेळेपेक्षा माणसाचा वेळ महाग असतो, आणि तो पायथन वाचवते.

लँग्वेजची आवड म्हणजे निव्वळ व्यक्तिगत पसंती, हेही मला पटत नाही. गाइड काय वापरतात, तयार लायब्ररी कशात आहे, अडलं तर शेजारचा कशात मदत करू शकतो, यावरच बहुतेकांची आवड ठरते. त्यात गैर काहीच नाही.

कॅप्चरचा कोड सर्वांना मोफत मिळतो आणि जीएमआरटीचा डेटा ठरावीक मुदतीनंतर खुला होतो. मंचरच्या विद्यार्थ्याने सुरुवात तिथूनच करावी.