रिअल-टाइम लिनक्समधील प्रोसेसर वारंवारता-नियमन व दोषशोधन

रिअल-टाइम लिनक्स कर्नल ही लिनक्स कर्नलची अशी बांधणी होय, जिच्यात कामाच्या सरासरी गतीपेक्षा ते ठरलेल्या मुदतीत पूर्ण होते की नाही याला महत्त्व असते. औद्योगिक यंत्रे, यंत्रमानव आणि ध्वनिमुद्रण यांत तिचा वापर होतो. ही सुविधा सुमारे दोन दशके मूळ कर्नलबाहेर पॅच-संचाच्या रूपात होती; २०२४ साली आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ती मूळ कर्नलमध्ये समाविष्ट झाली. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरची वारंवारता कमी-जास्त करण्याची यंत्रणा मात्र सरासरी भार पाहून चालते. या दोहोंच्या उद्दिष्टांतील विरोध हे येथे वर्णिलेल्या अडचणींचे मूळ आहे.

समजा, एका नियंत्रण-प्रणालीला दर १ मिलिसेकंदाला ९ लाख आवर्तनांचे काम करायचे आहे. ३ गिगाहर्ट्‌झवर त्यास ०.३ मिलिसेकंद लागतात, ८०० मेगाहर्ट्‌झवर १.१२५ मिलिसेकंद, म्हणजे मुदत हुकते. वारंवारता ठरवणाऱ्या घटकास गव्हर्नर म्हणतात. त्यांपैकी ‘ऑनडिमांड’ हा ठरावीक अंतराने भार मोजून निर्णय घेतो. यंत्रमानव स्वस्थ असताना वारंवारता उतरते आणि काम अचानक आल्यावर ती चढेपर्यंत काही मुदती हुकलेल्या असतात.

यावर ‘परफॉर्मन्स’ गव्हर्नर निवडणे हा रूढ उपाय आहे, परंतु नावावर विसंबणे धोक्याचे. इंटेलच्या ‘पी-स्टेट’ ड्रायव्हरच्या सक्रिय पद्धतीत ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे किमान वारंवारता नव्हे. तेथे वारंवारता भारानुसार बदलतच राहते. ‘परफॉर्मन्स’ निवडूनही टर्बोमुळे आणि तापमानामुळे ती स्थिर राहीलच असे नाही. म्हणून प्रत्यक्ष वारंवारता ‘टर्बोस्टॅट’सारख्या साधनाने तपासावी लागते.

== निष्क्रिय अवस्था ==

वारंवारतेवर येणारा आळ पुष्कळदा निष्क्रिय अवस्थांवर, म्हणजे सी-स्टेटवर, यायला हवा असतो. काम नसलेला गाभा झोपतो. झोप जितकी गाढ, तितका जागे होण्यास वेळ अधिक. उथळ अवस्थेतून बाहेर पडण्यास एक-दोन मायक्रोसेकंद पुरतात, तर काही प्रोसेसरांवर गाढ अवस्थेतून येण्यास शंभराहून अधिक लागतात. रिकाम्या यंत्रावर विलंब जास्त आणि भाराखाली कमी, हे उलटे वाटणारे लक्षण दिसल्यास वीजबचतीची यंत्रणाच संशयित धरावी.

विलंब मोजण्यासाठी ‘सायक्लिकटेस्ट’ हे साधन सर्वत्र वापरले जाते. त्यात एक फसवी बाब आहे. पुरेसे अधिकार असल्यास ते सुरू होताच ‘सीपीयू डीएमए लेटन्सी’ या यंत्र-फाइलमध्ये शून्य लिहून गाढ झोपेस मनाई करते. चाचणीचे आकडे उत्तम येतात आणि प्रत्यक्ष प्रणाली मात्र अडखळते. तो विलंब मग कामाच्या प्रोग्राममध्ये शोधला जातो आणि अर्थातच सापडत नाही. ही मनाई कामाच्या प्रोग्रामनेही करावी लागते, आणि फाइल उघडी ठेवूनच. ती बंद होताच विनंती रद्द होते. टर्मिनलवरून एका ओळीच्या आज्ञेने शून्य लिहिल्यास फाइल लगेच बंद होते, त्यामुळे तो उपाय निष्फळ ठरतो. कर्नलच्या आरंभ-आज्ञेत किंवा बायोसमध्ये सी-स्टेटवर मर्यादा घालणे हा दुसरा मार्ग. पण त्यात वीजखर्च कायमचा वाढतो.

== उरलेले विलंब ==

एवढे करूनही अधूनमधून मोठा विलंब दिसल्यास कारण कर्नलच्या आवाक्याबाहेर असू शकते. फर्मवेअर कर्नलला न कळवता प्रोसेसर काही काळ ताब्यात घेते. अशा खंडांचा शोध ‘हार्डवेअर लेटन्सी ट्रेसर’ने घेता येतो. तापमानही दुर्लक्षिले जाते. सतत कमाल वारंवारतेवर ठेवलेला, पंखा नसलेला संगणक तापून स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे उपायातूनच नवा विलंब जन्मतो. अशा ठिकाणी टर्बो बंद करून, यंत्र सहज पेलेल अशा मध्यम वारंवारतेवर किमान व कमाल मर्यादा एकच ठेवणे अधिक शहाणपणाचे असते; मात्र त्या वारंवारतेवर सर्वांत जड काम मुदतीत बसते, हे आधी मोजून घ्यावे लागते.