राजा बोलतो तेव्हा कॅमेरा कुठे?

महाडहून रायगडाकडे जाणारा रस्ता आमच्या नाते गावातून जातो. घरातला पहिला पदवीधर मी; आज महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंदा वर्गाला एक काम दिले : वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या नाटकातला एक प्रवेश दूरचित्रवाणीसाठी लिहून आणा.

मुलांनी पहिली कात्री संवादांना लावली. ते चूक नव्हे. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे आवेशी वाक्य चेहऱ्यापाशी आलेल्या कॅमेऱ्याला सोसत नाही. शिवाजी-संभाजी या बापलेकांतला ताण तिथे पापणीतही दिसतो. पण माध्यमांतर म्हणजे केवळ छाटणी काय? नाट्यगृहात राजा बोलत असताना प्रेक्षक दाराशी उभ्या सेवकाकडेही पाहू शकतो. कॅमेरा ही मुभा काढून घेतो. कोण दिसणार, किती वेळ दिसणार, हे दुसराच ठरवतो. म्हणून हा प्रश्न निव्वळ तंत्राचा राहत नाही.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्याने लागलेल्या आगीत गडावरचा वाडा जळाला. उरली ती जोती. वाडा स्टुडिओतच उभारावा लागेल. पायथा मात्र जागेवर आहे. रंगमंचावर बाहेरची घटना बहुधा कुणीतरी आत येऊन सांगतो. कॅमेरा स्वतः बाहेर जाऊ शकतो. आणि बाहेर कोण होते? शिवकाळात गडावर हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. गडाखालच्या चौकीपहाऱ्यावर महार, रामोशी यांच्यासारखे लोक.

एका मुलाने महार पहारेकऱ्याच्या हाती मशाल देऊन त्याला राजामागे उभा केला. एक मुलगी उसळून म्हणाली, "सर, उजेड आपण धरायचा आणि दिसायचं त्यांनीच?" तेव्हा दुसऱ्याने त्याच पहारेकऱ्याच्या तोंडी जातिअंताचे भाषण घातले. तेही मी काढायला लावले. १६८० च्या सुमाराचा माणूस १९२७ च्या चवदार तळ्यावरचे बोलणार नाही. ती भाषा आपल्या माणसांनी मार खाऊन मिळवली आहे. ती मागे नेऊन फुकट वाटणे मला मान्य नाही.

शेवटी ठरले ते असे. प्रवेशाआधी संवाद नाही. पहारेकरी गडाखालच्या चौकीवर रात्र काढतो आहे. वर कड्यावर दिवट्या हलताना त्याला दिसतात. वाड्यातले बोलणे ऐकू येत नाही. मग कॅमेरा आत जातो आणि कानेटकरांचा प्रवेश सुरू होतो.

या दृश्याला मी चाळीस सेकंद लिहिले होते. वर्गाने ते खोडून दोन मिनिटे केले.